शटरचं वजन

अंबाजी: बाई, खालून निघा आधी. शटर जॅकवर उभं आहे, माझ्या बोलण्यावर नाही.

वासंतीबाई: निघते हो. तीन वर्षांनी ह्या गॅरेजात ऊन आलंय, जरा बघू तर द्या. ही आमची फियाट. चारही टायर बसलेत बिचारीचे.

अंबाजी: गाडी कुठं पळून जात नाही. ऐंशी किलोचं लोखंड तुमच्या डोक्यावर आलं तर तुमच्या मुलाला अमेरिकेला काय फोन करू मी? या, ह्या घरातल्या दाराच्या पायरीवर बसा. हिम्मतराव, तू वरची पाइप धर. दोन्ही हातांनी. मेव्हणा आहे बाई माझा. नावाचाच हिम्मतराव, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर चढला की रामनाम सुरू.

वासंतीबाई: आजच होईल ना? उद्या सकाळी कॉम्प्युटर क्लासवाले येणार आहेत जागा बघायला. समीर म्हणाला, उघडत नसेल तर तोडून टाक ते शटर, आई. मी म्हटलं, तोडायला काय लागतं रे? तुला तिथं बसून बोलायला काय जातं?

अंबाजी: तोडता कैकू? पट्ट्या चाळीस वर्षं जातील अजून. बिघाड इथं आहे, वरती. उतरव रे, हळू. हळू म्हटलं की! हां, ठेव खाली. बघा बाई, ह्या पाइपवर चार डब्या आहेत. एकेकीत एकेक स्प्रिंग गुंडाळलेली असते. घड्याळाची कमान असते ना, तशीच, पण ही जबर.

वासंतीबाई: आणि ती करते काय?

अंबाजी: वजन उचलते. शटर खाली ओढलं की ही आवळत जाते. वर ढकललं की हीच सुटत जाते आणि शटर आपल्याकडं खेचून घेते. माणूस नुसता हात लावतो. लोकांना वाटतं आपणच उचलतोय.

वासंतीबाई: मग ह्यातली कुठली गेलीय?

अंबाजी: कुठली राहिलीय ते विचारा. ही एक जिवंत आहे. बाकी तिन्ही खलास. ही तर परसों तुटलेली दिसते.

वासंतीबाई: परवा? परवा कशी तुटेल? तीन वर्षांत कुणी हात लावला नाही ह्या शटरला.

अंबाजी: परवा नाही हो, परसों. आपल्या हैदराबादचं परसों. चार वर्षं झाली तरी परसोंच, आणि माझं लग्न झालं तेही परसोंच.

वासंतीबाई: चिक्कडपल्लीत जन्मले, इथंच म्हातारी झाले, तरी दरवेळी फसते मी त्या शब्दाला. ह्यांना तर तुमचं परसों अजिबात चालायचं नाही. जन्म रेकॉर्ड ऑफिसात काढला ना. दूध नासलं तरी कॅलेंडरवर लिहून ठेवायचे, अमुक तारखेला नासलं म्हणून. तेव्हा नीट सांगा, कधी तुटली?

अंबाजी: तारीख नाही सांगता येत, पण पहिली कोण आणि शेवटची कोण, ते सांगतो. तुटलेलं तोंड बघायचं. हिचं तोंड काळं पडलंय, गंज आत मुरला, ही सगळ्यांत आधी गेली. ही दुसरी. आणि हिचा गंज अजून लाल आहे, ही तिसरी.

वासंतीबाई: म्हणजे एका वेळी नाही तुटल्या?

अंबाजी: एका वेळी तुटल्या असत्या तर शटर धाडकन आदळलं असतं, गल्ली गोळा झाली असती, कुणीतरी मला बोलवायला धावलं असतं. एकेक गेली, हेच तर वाईट. एक स्प्रिंग वीस किलो धरते. पहिली तुटली, वीस किलो माणसाच्या हातावर आले. दुसरी तुटली, चाळीस. तिसरी, साठ. शटर बाहेरून तस्संच दिसतं. कुणाला काही समजत नाही.

वासंतीबाई: साठ किलो एखाद्या वयस्क माणसाला उचलेल?

अंबाजी: वयस्क कुठलं घेऊन बसलात? मी पन्नाशीचा नाही अजून, आणि हा रेडा माझ्या जोडीला, तरी आम्ही दोघांनी तुमच्या डोळ्यांदेखत जॅक लावला की नाही? वाकून, बोटांनी खालची पट्टी धरून साठ किलो? नक्को.

वासंतीबाई: अंबाजी, थांबा जरा. त्या भिंतीवर काय आहे? तिथं, शटरच्या खाचेला लागून. पेन्सिलीनं काहीतरी लिहिलंय.

अंबाजी: असेल गवंड्याचं माप. मला मराठी वाचता येत नाही बाई. घरात बोलतो, पण शाळा सगळी तेलुगू मीडियम.

वासंतीबाई: गवंड्याचं नव्हे. अक्षर ह्यांचं आहे. एकाखाली एक रेघा ओढल्यात, आणि प्रत्येक रेघेपुढं तारीख. थांबा, चष्मा पुसते. ही सगळ्यांत वरची. ‘८ मार्च ९२. पूर्ण वर गेलं. पण दोन हात लागले.’

अंबाजी: परत वाचा.

वासंतीबाई: ‘पूर्ण वर गेलं. पण दोन हात लागले.’

अंबाजी: हौ. ही काळ्या तोंडाची. मार्चात गेली.

वासंतीबाई: तिच्याखालची रेघ माझ्या खांद्याला येते. ‘२ जुलै. इथपर्यंत. मग धाप. उद्यापासून रोज वीस बैठका.’ अगंबाई! बैठका? पहाटे पाचला उठून इथं यायचे हे. मी विचारलं तर म्हणायचे, गाडीची बॅटरी बघतोय. मी आमच्या सुनेला, नेहाला, फोनवर सांगून हसले होते, तुझे सासरे हल्ली गाडीशी गप्पा मारतात म्हणून.

अंबाजी: जुलैत दुसरी गेली. बैठकांनी काय होणार, बाई?

वासंतीबाई: पुढं ऐका. ‘२० नोव्हेंबर. कमरेपर्यंत. बैठका तीस केल्या. तूप एक चमचा जास्त.’ तूप! मी भांडले हो ह्यांच्याशी त्या तुपावरून. म्हटलं, ह्या वयात जीभ आवरत नाही का तुम्हाला? डबा माझ्याकडं सरकवून दिला नि उठून गेले.

अंबाजी: कमरेपर्यंत म्हणजे तिसरी. लाल गंजाची. बस, आठ महिन्यांत तिन्ही. एका वेळच्या, एका लोखंडाच्या होत्या, पाठोपाठ गेल्या. हिम्मतराव, नवीन स्प्रिंगा काढ पिशवीतून. ग्रीस लाव भरपूर.

वासंतीबाई: ह्याच्या शेजारी बारीक अक्षरात आहे. ‘२१ नोव्हेंबर. काचीगुड्याला शटरवाल्याकडे गेलो. विचारलं, शटरचं वजन वाढतं का? तो म्हणाला, लोखंडाचं वजन वाढत नाही साहेब, माणसाचा दम कमी होतो. बरोबर बोलला.’ काय पडलं? पाना पडला का? लागलं नाही ना पायाला?

अंबाजी: नाही. तुम्ही पुढं वाचा.

वासंतीबाई: ‘३ फेब्रुवारी ९३. गुडघ्यापर्यंत.’ आणि ही शेवटची, जमिनीपासून वीतभर. ‘१४ ऑगस्ट. इतकंच. वय झालं. गाडी बंद. वासंती म्हणते तेच खरं.’

अंबाजी: बाई, बसा तुम्ही. हिम्मतराव, आत जाऊन पाणी आण. माठ असेल बघ स्वयंपाकघरात.

वासंतीबाई: पाणी नको मला. वासंती म्हणते तेच खरं. जन्मात कधी म्हणाले नव्हते हो हे वाक्य. चव्वेचाळीस वर्षं भांडलो आम्ही, तिखटमिठावरून, समीरच्या शाळेवरून, पंख्याच्या स्पीडवरून. कधी म्हणून माघार घेतली नाही. आणि घेतली ती इथं, भिंतीपाशी, मी नसताना.

अंबाजी: तुम्ही काय म्हणाला होता त्यांना?

वासंतीबाई: वय झालं, आता मान्य करा. दुसरं काय म्हणतात बायका? रोज म्हणायचे. चष्मा शोधायला लागले की वय झालं, जिन्यात थांबले की वय झालं. चिडवायची सवय, झालं. समीरही फोनवर तेच, बाबा, आता गाडी चालवू नका. पूर्वी हे हसण्यावारी न्यायचे. दर रविवारी ह्या गाडीतून चिक्कडपल्लीला भाजीला जायचो आम्ही. चार पिशव्या भाजी दोघांना. येताना युनिव्हर्सिटीच्या रस्त्यानं गाडी हळू काढायचे, खिडकीवर कोपर टेकून. मग वर्षभर बॅटरी उतरलीय म्हणून टाळत राहिले, आणि एक दिवस म्हणाले, गाडी नको आता. मी बरं म्हटलं. शटर उघडत नाही हे मला महिन्याभरापूर्वी कळलं, ह्यांना जाऊन वर्ष झाल्यावर. मी कधी हातच लावला नव्हता त्याला.

अंबाजी: साहेबांना काय झालं होतं?

वासंतीबाई: काही नाही. तेच तर कुणाला सांगता येत नाही मला. डॉक्टर म्हणाले, छाती चांगली, नाडी चांगली. पण गाडी बंद केली नि हे खुर्चीत बसले ते बसलेच. लोणच्याच्या बरणीचं झाकण मी पुढं केलं तर म्हणाले, मला नाही जमायचं, तू बघ. बघितलंसुद्धा नाही फिरवून! मग न्हाणीघरात धरून न्या, मग पेपर वाचून दाखवा. मला राग यायचा, अंबाजी. धडधाकट माणूस अंग टाकून बसतो म्हणजे काय? मी म्हणायचे, सोंग करताय. दीड वर्षं तसे होते, मग गेले.

अंबाजी: बाई, एक सांगायचं आहे.

वासंतीबाई: सांगा.

अंबाजी: तो शटरवाला मी आहे.

वासंतीबाई: कुठला?

अंबाजी: भिंतीवरचा. दमवाला. हे वाक्य माझं आहे. माझा जुमला होता तो, गिऱ्हाईकं हसायची. आता तुम्ही वाचलं तसे साहेब डोळ्यांपुढं आले. पांढरा बुशशर्ट, काखेत छत्री, पाऊस नसताना. दुकानाच्या पायरीखाली उभे होते, वर आले नाहीत. विचारलं तेही खालच्या आवाजात, लाजून.

वासंतीबाई: छत्री ह्यांचीच. उन्हाला घ्यायचे.

अंबाजी: तेव्हा काय दिवस होते बाई! रोज कुठंतरी एसटीडी बूथ उघडतंय, कुठं झेरॉक्स, कुठं व्हिडिओची लायब्ररी. ज्याच्या घराला रस्ता, त्याला दुकान पाहिजे, आणि दुकान म्हटलं की शटर. मला जेवायला फुरसत नव्हती. नवीन शटरं सोडून विद्यानगरला कुणाचं घरचं जुनं शटर बघायला जायचं माझ्या जिवावर आलं. म्हणून जुमला टाकला. साहेब हसले आणि मला थँक्यू म्हणाले. थँक्यू! सायकलवर दहा मिनिटांचा रस्ता आहे तुमच्या घरापर्यंत. आलो असतो आणि नुसतं वर बघितलं असतं तरी समजलं असतं.

वासंतीबाई: एवढं कसं आठवतं तुम्हाला?

अंबाजी: ते छत्री विसरून गेले होते. मी मागं धावत जाऊन दिली. तेवढं धावलो बघा. शिव्या द्या मला बाई. हाकलून द्या, उद्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो.

वासंतीबाई: तुम्ही एकदाच म्हणालात हो. मी रोज म्हणत होते.

अंबाजी: तुम्ही घरच्या. घरचं बोलणं माणूस मनावर घेत नाही. मी कारागीर होतो. कारागिरानं सांगितलं की पक्कं.

वासंतीबाई: आता वाटून घ्यायचं का आपण दोघांनी? अर्धं तुमचं, अर्धं माझं? राहू द्या. मला एवढंच सांगा, ह्या शेवटच्या दोन रेघा. गुडघ्यापर्यंत फेब्रुवारीत, आणि वीतभर ऑगस्टात. तेव्हा काय तुटलं?

अंबाजी: नका विचारू.

वासंतीबाई: मी विचारतेय. ह्या वेळी जुमला नको.

अंबाजी: तेव्हा काही तुटलं नाही. तीन गेल्या त्या नोव्हेंबरपर्यंत. चौथी ही बघा, आजही जिवंत. खाचेत थोडा गंज धरला असेल, पण कमरेवरून वीतभर यायला तेवढा गंज पुरत नाही. तिथून पुढं शटर होतं तसंच होतं, बाई. साहेबांनीच धीर सोडला.

वासंतीबाई: नोव्हेंबरनंतर.

अंबाजी: हौ. माझ्याकडं येऊन गेल्यानंतर.

वासंतीबाई: चाळीस किलो उचलत होता माझा नवरा. अडुसष्ट वर्षांचा माणूस, खांद्यापर्यंत उचलत होता. आणि मी त्याला जिन्यावर हात धरायला लावत होते. रामा रे! नुसतं एकदा मला सांगायचं होतं, वासंते, शटर जड लागतंय. मी आले असते की. दोघांनी लावला असता हात.

अंबाजी: रडा बाई. मी काम करतो. हिम्मतराव, पाणी ठेव तिथं आणि इकडं ये. चारही नवीन घालायच्या.

वासंतीबाई: चौथी तर चांगली आहे म्हणालात.

अंबाजी: तीन नवीन आणि एक जुनी लावली तर जुनीवर ताण येतो, ती वर्षात जाते. बदलायच्या तर चारही एकदम. हा कायदा आहे आमच्यात. तुमच्यासाठी आज कुठलंच काम अर्धं करणार नाही मी. धर रे, आता आंटे द्यायचे. बाई, पाय आत घ्या, आता भरेल ही.

वासंतीबाई: आंटे म्हणजे पीळ?

अंबाजी: हौ, पीळ. स्प्रिंगला आधीच दम भरून ठेवायचा. एक. दोन. जास्त दिला तर शटर हातातून सुटून वर आपटतं, कमी दिला तर मधेच लटकतं. तीन. चार. सोडू नको हिम्मतराव, बोटं जातील. पाच. सहा. बस, सहात होईल.

वासंतीबाई: मला एका हातानं उघडता यायला पाहिजे.

अंबाजी: क्लासवाली पोरं तरणी असतील बाई, त्यांना काय.

वासंतीबाई: पोरांचं जाऊ द्या. ह्यांनी पहिल्या रेघेत लिहिलंय, पण दोन हात लागले. तो ‘पण’ मला काढायचाय.

अंबाजी: मग सात. ओढ रे. सात. आता पट्ट्या जोडू. नट दे. दुसरा. जॅक काढ, गाडीत ठेवू नको, आपला आहे. या बाई. शटर खाली घेतलंय मी. या, तुम्ही उघडा.

वासंतीबाई: मी?

अंबाजी: दुसरं कोण? मधोमध उभ्या राहा. वाकायचं नाही फार, हा हँडल आहे. जोर लावू नका. नुसता हात लावा.

(शटर सरसर वर जातं.)

वासंतीबाई: हे काय हो, अंबाजी. ह्याला तर काहीच वजन नाही.

अंबाजी: असंच असतं बाई. पहिल्या दिवशी साहेबांनी असंच उघडलं असेल.

वासंतीबाई: एका हातानं. दुसऱ्या हातात गाडीची किल्ली असायची, वाजवत यायचे. मी स्वयंपाकघरातून ओरडायचे, आले हो, आले.

अंबाजी: बाई, आम्ही काम झालं की खालच्या पट्टीवर दुकानाचं नाव आणि नंबर रंगवतो. ह्या शटरवर नाही रंगवत मी.

वासंतीबाई: रंगवा. उद्या ह्या गल्लीत कुणाचं शटर जड झालं तर त्यानं कुठं जायचं? पण कुणी पायरीखाली उभं राहून विचारलं, तर आधी सायकल काढा.

अंबाजी: काढतो बाई. आईशप्पथ काढतो. पेन्सिल कशाला शोधताय?

वासंतीबाई: शोधत नाही, सापडली. इथंच खाचेवर ठेवलीय, बघा. टोक केलेली आहे.

अंबाजी: क्लासवाले भिंतीला चुना लावतील उद्या-परवा.

वासंतीबाई: ही भिंत सोडून लावतील. नाहीतर दुसरी जागा बघतील. आज तारीख काय? अठरा ना?

अंबाजी: अठरा. काय लिहिलंत बाई? मला वाचून तरी दाखवा.

वासंतीबाई: ‘१८ जून ९६. स्प्रिंग बदलली.’

अंबाजी: बस, एवढंच?

वासंतीबाई: एवढंच. ह्यांना कळलं असतं तेवढ्यावरून.